सहीपुरते आईबाप

‘आईबापांना यात आणू नका, सगळा घोळ होतो,’ असं आता मुलामुलींत लैंगिक शिक्षणाचं काम करणारी शहाणी माणसंच म्हणायला लागली आहेत. त्यांचं म्हणणं अगदीच पोकळ नाही. मुळशीतल्या कातकरी वाडीवरची कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. पोरगी एक तर भट्टीवर, नाही तर आजीपाशी किंवा आश्रमशाळेत. मग पालक गाठायचे कधी? गाठले तर ते लाजणार, आणि विषय कळलाच तर घाबरून पोरीचं लग्न उरकणार. ही शेवटची भीती मला खरी वाटते.

तरीही आईबापांना वगळता येतं, ही समजूत चुकीची आहे. १९७१ च्या गर्भपात कायद्याप्रमाणे अठराच्या आतल्या मुलीला पालकाची लेखी संमती लागते. बालकांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं अशी मुलगी आली की पोलिसांना कळवणं बंधनकारक केलं. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मुलीचं नाव उघड न करण्याची सवलत डॉक्टरांना दिली, पण तीही मुलीनं आणि पालकानं मिळून मागितली तर. म्हणजे आई येणारच. आज आपण तिला बोलावतो ते दवाखान्याच्या बाकावर, अंगठ्यापुरतं.

दुसरा पक्ष संस्कृतीवाल्यांचा. घरात हे बोलत नाहीत म्हणे! न्हाण आलेल्या मुलीला मखरात बसवून गावभर बोलावणी करणारी घरं याच महाराष्ट्रातली. गाजावाजा चालत होता. माहिती तेवढी चालत नव्हती. ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून वाचकांच्या शंकांना सरळ उत्तरं दिली म्हणून र. धों. कर्व्यांवर खटला झाला, आणि १९३४ मध्ये त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी लढवली. पुढे २००७ मध्ये राज्यानं शाळांतलं लैंगिक शिक्षणच थांबवलं. शाळेत नको, घरात शोभत नाही. मग उरला मोबाइल.

पौडच्या आतल्या एका वाडीवर बायकांसमोर मी गर्भाशयाचा तक्ता धरला होता. एका आजीनं तो हातातून घेऊन उलटा केला. ‘उपडा तांब्याच की,’ म्हणाली. मग बायका खुलल्या: पिशवी, अंगावरून जाणं, पोटात दुखणं, सगळं आलं. उठताना तीच आजी मला म्हणाली, ‘पोरीला सांगायच्या आदी आमाला सांगा. ती घरी येऊन इचारील तवा आमी काय तोंड करू?’ माझ्या पिशवीत मुलींसाठीच्या पुस्तिका होत्या. आजीसाठी काही नव्हतं.

आता खरा आक्षेप: धोका घरातच असेल तर? असतोही. म्हणूनच पालक म्हणजे बाप, हे समीकरण आधी मोडावं. कोणाशी बोलायचं ते मुलीनं ठरवावं: आजी, मावशी, आश्रमशाळेतली अधीक्षिका. कोणीच नसेल तर १०९८ ही मुलांची हेल्पलाइन. शिवाय तिनं विश्वासानं सांगितलेलं घरी पोचवणं म्हणजे पालकांचा सहभाग नव्हे. ती चहाडी झाली. पालकांना विषय कळावा, मुलीचं गुपित नव्हे. आणि मुलग्यांचं काय? त्यांच्याशी बापानं बोलायला हवं, पण पिरंगुटच्या कंपनीत शिफ्टला जाणाऱ्या बापाला शाळेनं सकाळी अकराला बोलवायचं आणि आला नाही की अनास्था म्हणायचं, ही शुद्ध लबाडी आहे.

बैठका घ्यायच्या तर दिवाळीआधी, अंधार पडल्यावर, चुली विझल्या की. एकदा भट्टीचा ट्रक लागला की वाडीवर म्हाताऱ्याच उरतात. मग त्यांच्याकडे जा, तक्ता घेऊन.