प्रेमाची परीक्षा आणि पोटाची नोकरी

दुकानांत विक्रेत्याची नोकरी मागावयास आलेल्या तरुणास ‘आमच्या कंपनीवर तुमचें प्रेम कां आहे?’ असें विचारणें हा आमच्या मतें सभ्य वेषांतील उद्धटपणा आहे. ही रीत आतां बोकाळली आहे, आणि तिचें समर्थन करणारे विद्वान् आमच्यांतही निपजले आहेत; म्हणून तिच्याविरुद्ध चार शब्द लिहिणें प्राप्त आहे.

ह्या रीतीचें माहेर अमेरिका. ॲपल कंपनीनें आपलीं पहिलीं दोन दुकानें १९ मे २००१ रोजीं व्हर्जिनिया व कॅलिफोर्निया ह्या प्रांतांत उघडलीं. त्यांची घडी बसविणारे रॉन जॉन्सन यांनीं आदबीचा नमुना घेतला तो दुकानदारांचा नव्हे, उंची हॉटेलांचा. विक्रेत्यास ‘स्पेशालिस्ट’ व दुरुस्ती करणारास ‘जीनियस’ अशीं नांवें दिलीं. विक्रीवर कमिशन ठेविलें नाहीं. येथवर आमची तक्रार नाहीं. कमिशन नसलें म्हणजे गिऱ्हाइकाच्या गळ्यांत नको ती वस्तु बांधण्याचा मोह कमी होतो. पण कमिशनची जागा रिकामी राहिली नाहीं; तेथें निष्ठा आणून बसविली. २०१२ सालीं ‘न्यूयॉर्क टाइम्स’नें हिशेब मांडला: दर नोकरामागें वर्षाची विक्री सुमारें ४,७३,००० डॉलर, आणि पुष्कळांचा वार्षिक पगार सुमारें २५,००० डॉलर. मधलें अंतर प्रेमानें भरून काढावयाचें!

हें प्रेम किती एकतर्फी असतें तें कॅलिफोर्नियाच्या खटल्यांत दिसलें. दुकानांतून बाहेर पडतांना नोकरांच्या पिशव्या व त्यांचे स्वतःचे फोन तपासले जात, आणि त्या खोळंब्याचा पगार मिळत नसे. नोकर कोर्टांत गेले, तेव्हां कंपनीनें सांगितलें कीं, पिशवी किंवा आयफोन कामावर आणण्याची सक्ती कोणावरही नाहीं. १३ फेब्रुवारी २०२० रोजीं प्रांताच्या सर्वोच्च न्यायालयानें तो पगार देय ठरविला. शिवाय जी वस्तु साऱ्या जगाच्या जीवनाचें अविभाज्य अंग म्हणून विकतां, ती तुमच्याच नोकरास अनावश्यक कशी, अशा अर्थाचा टोलाही मारला. मुलाखतींत प्रेम मागणारांनीं तो निकाल भिंतीवर टांगावा.

हें सारें दूरचें, असें म्हणण्याची सोय आतां उरली नाहीं. मुंबईस वांद्रे-कुर्ला संकुलांत १८ एप्रिल २०२३ रोजीं ॲपलचें दुकान उघडलें, पुण्यास कोरेगांव पार्कांत ४ सप्टेंबर २०२५ रोजीं. मुंबईच्या दुकानांतील शंभरांवर नोकर मिळून विसांहून अधिक भाषा बोलतात, असें कंपनीनें जाहीर केलें. तो अभिमान रास्त आहे. पण अनुकरण करणारे घेतात तें मुलाखतीचें सोंग. भाषांची उदारता कोणी घेत नाहीं.

आतां मालवण तालुक्यांतील मसुरे गांवचा तरुण पाहूं. भरतगडाच्या पायथ्याशीं, गड नदीच्या कांठीं तो वाढला. दहावी-बारावीच्या निकालांत कोंकण मंडळ वर्षानुवर्षें राज्यांत पहिलें येतें. तेव्हां त्यास अडाणी म्हणण्याची सोय नाहीं. आंगणेवाडीच्या जत्रेंत खाज्याच्या दुकानावर ज्यानें रात्र काढली, त्यास गर्दी हाताळणें, रुसलेल्यास समजावणें, सुट्या पैशांचा हिशेब ठेवणें शिकवावें लागत नाहीं. परंतु दहा उमेदवारांच्या घोळक्यांत बसवून ‘जीवनांतील प्रेरणेचा क्षण सांगा’ म्हटलें कीं तो गप्प होतो. आणि नोकरी कां हवी असें विचारतां ‘पगार हवा म्हणून’ असें खरें उत्तर देतो. मग आमचे हितोपदेशक त्यास सांगतात: मालवणी हेल टाका, व्यक्तिमत्त्वविकासाच्या वर्गास जा. वर्गांत शिकवितात काय? खोटें हंसून खोटें बोलणें. आणि तेंही फी घेऊन.

ह्याच मुलखांतून मागल्या पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत गेल्या. तेथें जॉबर दस्तुरी खाई. त्या काळाचे गोडवे आम्ही गात नाहीं. पण साच्यावर तुझें प्रेम आहे काय, असें त्या लुच्च्या जॉबरनेंही कोणास विचारलें नाहीं.

विक्रेत्यास बोलतां आलें पाहिजे, असा आक्षेप येईल. तें पाहावयाचें तर उमेदवाराच्या हातीं फोन द्यावा आणि समोर एक चिकट म्हातारें गिऱ्हाईक बसवावें. अर्ध्या तासांत कळेल. प्रेम असें तपासतां येत नाहीं. तपासतां येतो तो त्याचा अभिनय. मग नट निवडला जातो, आणि बिघडलेला फोन घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाच्या वांट्यास तो नट येतो.

आमचें मागणें मोठें नाहीं. जाहिरातींत पगाराचा आंकडा व कामाचे तास छापावे. दुकानांत गिऱ्हाईक ज्या भाषेंत बोलेल, तींतच उमेदवारास बोलूं द्यावें. आणि मसुऱ्याहून मुंबईस मुलाखतीस बोलावणारानें जाण्यायेण्याचें भाडें द्यावें. कारण कणकवली स्टेशनावर रात्रीच्या गाडीची वाट पाहत बसलेल्या मुलाच्या खिशांतलें परतीचें तिकीट आज त्याच्या बापाच्या पैशाचें असतें.