पातूरच्या उर्दू पाटीचा निकाल बेळगावने वाचायला हवा

अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगर परिषदेच्या पाटीवर मराठीखाली उर्दूतही नाव आहे. ते काढा म्हणून एक माजी नगरसेविका थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेल्या. १५ एप्रिल २०२५ रोजी न्या. सुधांशू धुलिया आणि न्या. के. विनोद चंद्रन यांच्या खंडपीठाने उर्दू कायम ठेवली. महाराष्ट्राचा २०२२ चा कायदा स्थानिक संस्थांचा कारभार मराठीत करा म्हणतो. पाटीवर जोडीला दुसरी भाषा लिहायला त्यात मनाई नाही, एवढाच मुद्दा.

हा मराठीचा पराभव म्हणायचा का? मुंबई-पुण्यात कुणी म्हणेलही. बेळगाव, खानापूर, निपाणीत बसून तसं म्हणणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा. राज्यभाषेच्या खाली आमचीही भाषा असू द्या, हेच तर आपण वर्षानुवर्षं मागतोय.

अर्थात हा निकाल कर्नाटकात जसाच्या तसा लागणार नाही. तो महाराष्ट्राच्या कायद्यावरचा आहे. इथे २०२४ च्या दुरुस्तीने दुकानं-आस्थापनांच्या पाटीवर ६० टक्के कन्नड, तीही वरच्या भागात, सक्तीची केलीय. ती पाळावीच लागेल. तिथे हुज्जत घालून उपयोग नाही. पण उरलेल्या ४० टक्क्यांत मराठी चालणार नाही, असं त्या कायद्यात कुठं आहे? कन्नड नियमात असूनही कुणी पाटी उतरवायला आलं, तर कलम कोणतं ते विचारा, आणि आदेश लेखी मागा.