कानात सांगितलेले शास्त्र

‘द वॉकिंग डेड’ या अमेरिकन मालिकेच्या पहिल्या पर्वात (२०१०) डॉ. एडविन जेनर जेमतेम शेवटचे दोन भाग दिसतो. म्हणून आमचे काही व्यवसायबंधू त्याला ‘कथानक पुढे ढकलण्याची सोय’ म्हणून निकालात काढतात. गौण पात्र म्हणजे गौण प्रश्न, ही आपली जुनी सवय.

प्रेते उठून चालू लागलेल्या जगात, अटलांटाच्या रोगनियंत्रण केंद्रात तो एकटाच उरला आहे. रिक ग्राइम्सच्या गटाला तो आश्रय देतो आणि मेंदूची एक चित्रफीत दाखवतो: मृत्यूनंतर सारे अंधारते, मग मेंदूच्या बुंध्याशी तेवढा उजेड परततो. इंधन संपताच इमारत स्वतःला जाळून घेणार असते, आणि तो दारे बंद करतो. टीका होते ती या दारांवर. पण दारे तो अखेर उघडतो की!

त्याचा खरा अपराध निरोपाच्या क्षणी घडतो. तो रिकच्या कानात काहीतरी पुटपुटतो. ते काय, हे २०१२ साली दुसऱ्या पर्वाच्या शेवटी कळते: बाधा सर्वांनाच आहे; चावा न बसताही मेलेला उठणार. ज्या ज्ञानावर साऱ्यांचे जगणे अवलंबून, ते एका पुरुषाची खाजगी मालमत्ता झाले. रिकने ते दडवले म्हणून त्याचे साथीदार चिडतात, तेही रिकवरच. जेनरला कोणी जाब विचारत नाही.

त्याचे आडनाव योगायोगाने पडले असेल, असे मला वाटत नाही. देवीच्या लसीचा प्रयोग १७९६ साली करणाऱ्या एडवर्ड जेनरने १७९८ मध्ये आपली निरीक्षणे छापून जगापुढे ठेवली. (आठ वर्षांच्या मुलावर केलेला तो प्रयोग आज कोणतीही समिती मंजूर करणार नाही, हा भाग वेगळा.) छापणे आणि पुटपुटणे यांतले हे अंतर मालिकेला दिसलेच नाही. तिने ते कुजबुजणे रहस्य म्हणून सव्वा वर्ष जपले.

आणि कॅन्डेस? जेनरच्याच कबुलीनुसार खरी प्रतिभावंत शास्त्रज्ञ ती, त्याची पत्नी. चित्रफितीतला तो मेंदू तिचाच. आपल्या मरणाचेही निरीक्षण व्हावे, हा तिचा निर्णय होता. मालिकेने तिला चेहरा दिला नाही, संवाद दिला नाही. भागाला मात्र तिचा क्रमांक दिला: ‘टीएस-१९’.