गाळणींतील साक्ष

मद्रासेस १९५५ सालापासून जुळूं लागलेली बुलेट आमच्या शिरोळांत अजून धडधडते. तिचें तेल बदलतांना पुष्कळ जण गाळणी न पाहतांच फेकून देतात. माझ्या मतें, ही साक्षीदाराला न विचारतां घालवून देण्याची रीत होय.

विद्यार्थ्यांनो, गाळणी रॉकेलनें धुवून तो गाळ पांढऱ्या कापडावर घ्या व त्यावर लोहचुंबक फिरवा. चिकटेल तें पोलाद किंवा बीड : दांतचक्रें, रिंगा वा सिलिंडर झिजत आहे. न चिकटणारा रुपेरी कण पिस्टनच्या ॲल्युमिनियमचा वा बेअरिंगवरील मऊ पांढऱ्या धातूचा. पिवळसर कण बुशाचा. काळी मऊ काजळी ज्वलनाची. बारीक करड्या भुकटीचें भय नको. परंतु नखाला लागणारे कपचे दिसतांच इंजिन चालवूं नये.

असे कपचे पाहूनही मीं एकदां नवें तेल ओतलें व निघालों. चार दिवसांत कनेक्टिंग रॉडचें बेअरिंग गेलें. चूक माझीच. नवें तेल दोष झांकतें, घालवीत नाहीं. पालकहो, मुलांच्या हातीं पान्याआधीं चुंबक द्या. निदानावांचून केलेली दुरुस्ती हा निव्वळ खर्च होय.