तेल शुद्ध करणारी माती : वापरानंतर तिचे काय?

सरकीचे कच्चे तेल काळपट तांबडे असते. डब्यात भरताना ते फिकट सोनेरी होते, यात क्षारप्रक्रियेइतकाच वाटा एका मातीचा आहे. कच्छ व बाडमेर येथे सापडणारी बेंटोनाइट माती गंधकाम्लात किंवा हायड्रोक्लोरिक आम्लात उकळतात. आम्लामुळे तिच्यातील काही अ‍ॅल्युमिनियम, लोह व मॅग्नेशियम विरघळून जाते, मातीच्या कणांत असंख्य सूक्ष्म छिद्रे पडतात आणि रंगद्रव्ये धरून ठेवण्याची तिची शक्ती अनेक पटींनी वाढते. शंभर किलो तेलास साधारणतः एक-दोन किलो माती पुरते.

बेंटोनाइटमधील मुख्य खनिज, मॉन्टमोरिलोनाइट, आपल्या काळ्या जमिनीतही आहे. उन्हाळ्यात रानाला भेगा पडतात त्या त्याच्यामुळेच. म्हणून शेतातील माती या कामी चालेल, असे मात्र कोणी समजू नये. तिच्यातील चुनखडीच बरेचसे आम्ल खाऊन टाकते.

खरा प्रश्न वापरलेल्या मातीचा आहे. गाळणीतून निघालेल्या या मातीत वजनाच्या पाचव्या हिश्शापासून तिसऱ्या हिश्शापर्यंत तेल राहू शकते. जवसाच्या तेलाने माखलेल्या चिंध्यांप्रमाणे तिचा ढीग हवेच्या संपर्काने आतून तापतो व आपोआप पेटतो. अशी माती फुकट मिळते म्हणून कडब्याच्या गंजीशेजारी आणून टाकणे म्हणजे विस्तव घरी आणणेच होय. शेतात जाड थर दिल्यास जमीन पाणी नीट शोषत नाही. शिवाय तेल कुजविणारे जिवाणू पिकाच्या वाट्याचे नत्र वापरतात. या मातीतील तेल काढून घेणे व उरलेल्या मातीची विल्हेवाट लावणे ही गिरणीची जबाबदारी आहे. माती जेथे आम्लात उकळतात, तेथील धुवणही चुन्याने निर्दोष केल्याविना ओढ्यात सोडता कामा नये. ग्रामसेवकांनी याबाबत संकोच न बाळगता विचारणा करावी.

पाण्यावरील तेलाचा तवंग काढण्यासाठीही माती वापरतात. साधी माती पाणीच अधिक शोषते. म्हणून तिच्यावर विशिष्ट अमोनियम क्षारांची प्रक्रिया करून तिला तेलाची ओढ लावतात. उपाय चांगला आहे, परंतु तवंग दिसेनासा झाला म्हणजे तेल नाहीसे झाले असे नव्हे. ते मातीत जाऊन बसलेले असते.

इंजिनाचे जळके तेल शुद्ध करणारी मातीही अशीच काळी दिसते. तिच्यात जड धातू असू शकतात. खाद्यतेलाच्या गिरणीतील माती म्हणून ती कोणी देऊ केली, तरी ती कोठून आली याची खात्री पटेपर्यंत गाडी शिवारात रिकामी करू देऊ नये.