पाण्याचा हक्क आणि तारखेची अट

मुंबईचा कचरा देवनारला पडू लागला तो 1927 मध्ये. त्याच वर्षी 20 मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले. तळे सर्वांना खुले करणारा नगरपालिकेचा ठराव आधीच झाला होता, तरी अस्पृश्यांना तिथे पाऊल टाकता येत नव्हते. डिसेंबरात महाडला पुन्हा परिषद भरली. बाबासाहेबांनी 1789 च्या फ्रेंच राष्ट्रसभेचा दाखला दिला आणि जन्मतः समान दर्जाचा जाहीरनामा तिथे मंजूर झाला. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याला अजून 21 वर्षे अवकाश होता.

त्या जाहीरनाम्याची तयारी चालू असताना, 1947 मध्ये, युनेस्कोने जगभरच्या विचारवंतांना हक्कांच्या तात्त्विक पायाविषयी विचारले. हक्क कर्तव्यातून येतात हे आपण आईकडून शिकलो, असे गांधीजींनी कळवले. फ्रेंच तत्त्वज्ञ जाक मारितँ यांच्या लक्षात आले, की हक्कांच्या यादीवर एकमत होते, ते का मानायचे यावर होत नाही. तेव्हा तो प्रश्न बाजूला ठेवून यादी मंजूर झाली. जगाला तिचा उपयोग झाला, यात शंका नाही.

महाराष्ट्राने मात्र तो प्रश्न टाळला नव्हता. टॉमस पेन वाचलेल्या जोतीराव फुल्यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त हक्कांचा उगम निर्मिकापाशी दाखवला: त्याने स्त्रीपुरुष सारखेच स्वतंत्र घडवले. आपले स्वातंत्र्य, समता आणि बंधुता फ्रेंच राज्यक्रांतीतून नव्हे, बुद्धाच्या शिकवणीतून आली, असे आंबेडकरांनी 1954 मध्ये आकाशवाणीवर सांगितले. बंधुतेला त्यांनी सर्वांत वरचे स्थान दिले, कारण स्वातंत्र्य आणि समता नाकारली जाते तेव्हा निव्वळ कायदा पुरा पडत नाही.

हा वाद केवळ पुस्तकी आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी मुंबईतल्या नळाकडे पाहावे.

1 जानेवारी 2000 नंतरच्या झोपड्यांना महापालिका पाणी देत नव्हती. देवनारच्या कचराभूमीला लागून असलेल्या वस्त्यांत पाणी विकत घेणारी कुटुंबे आहेत. पाणी हक्क समिती न्यायालयात गेली. पाणी हा घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, झोपडी बेकायदा असली तरी ते पूर्णपणे नाकारता येणार नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर 2014 मध्ये दिला. फार मोठा निर्णय. पण अशा रहिवाशाला कायदेशीर घरातल्या नागरिकाच्या बरोबरीने पाणी मागता येणार नाही, हेही त्यात आहे, आणि ते आम्हाला पटत नाही. हक्क माणूस असण्यातून येत असेल, तर तहानेला घराची कागदपत्रे कशाला हवीत?

मे 2022 मध्ये महापालिकेने ‘सर्वांसाठी पाणी’ धोरण आणले. त्याचे स्वागतच आहे. मात्र एका प्रशासनाने आणलेले धोरण दुसरे प्रशासन मागे घेऊ शकते. तेव्हा माणशी किमान किती पाणी, हे विधिमंडळाने कायद्यात लिहावे आणि त्यात वास्तव्याच्या तारखेचा रकाना ठेवू नये, ही या अंकाची मागणी आहे.