जन्माची जोखीम, प्रसाविकेची पदरमोड

सोलापूर जिल्ह्याच्या अक्कलकोट तालुक्यात, कर्नाटकाच्या सीमेला खेटून दुधनी वसले आहे. मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा तेथे एकाच ओसरीवर नांदतात. मराठी घरातली सुईण कन्नड घरात सूलगित्ती होते. आज तिची जागा बव्हंशी आरोग्य उपकेंद्रातील परिचारिकेने घेतली आहे. शासकीय दप्तरात ती ‘सहायक परिचारिका प्रसाविका’ आहे, तर गावाच्या तोंडी साधी ‘नर्सबाई’.

या सीमाभागातील एखाद्या उपकेंद्रात मध्यरात्री अडलेली बाई येते. मूल जन्मते, पण रक्तस्राव थांबत नाही. नर्सबाई शिकवल्याप्रमाणे इंजेक्शन देते, गर्भाशय चोळते, रुग्णवाहिकेसाठी दूरध्वनी करते आणि बाईला अक्कलकोटच्या, पुढे सोलापूरच्या वाटेला लावते. बाई वाचली तर नर्सबाईचे नावही कोणी विचारीत नाही. ती दगावली तर पोलिसांच्या कागदावर पहिले नाव तिचेच येते. रस्ता खराब होता, रक्तपेढी दूर होती, डॉक्टरची जागा रिकामी होती, यांपैकी कशावरही गुन्हा नोंदवता येत नाही. तो नोंदवता येतो फक्त हाताशी असलेल्या माणसावर.

या प्रश्नाला विम्याच्या परिभाषेत व्यावसायिक क्षतिपूर्ती म्हणतात. व्यवसाय करताना घडलेल्या चुकीबद्दल, अथवा चुकीच्या आरोपाबद्दल, जी भरपाई द्यावी लागेल आणि बचावासाठी जो खर्च येईल, तो विमा कंपनीने सोसावा, असा हा करार असतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली व्ही. पी. शांता खटल्यात पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणली. त्यानंतर डॉक्टरवर्गाने हे संरक्षण झपाट्याने स्वीकारले, त्यांच्या संघटनांनी स्वतःच्या संरक्षण योजनाही उभ्या केल्या. त्यात गैर काहीच नाही. प्रश्न इतकाच की डॉक्टरच्या खांद्याला खांदा लावून, किंबहुना डॉक्टरच्या गैरहजेरीत, जी प्रसूतीचा भार वाहते, तिच्यासाठी ही व्यवस्था कोणी उभी केली?

‘ती सरकारी नोकर आहे, भरपाई सरकारच देईल’, असे उत्तर मिळते. हरियाणा राज्य विरुद्ध संत्रा या खटल्यात २००० साली सर्वोच्च न्यायालयाने शासकीय डॉक्टरच्या हलगर्जीबद्दल राज्याला जबाबदार धरले, हे खरे. पण राज्याने भरपाई दिली म्हणून चौकशी टळत नाही, निलंबन टळत नाही, वकिलाची फी टळत नाही. कंत्राटावर राबणाऱ्या परिचारिकेला तर पुढच्या वर्षीच्या नोकरीचीही शाश्वती नसते. तिने कोर्टाची पायरी चढायची ती मंगळसूत्र गहाण टाकूनच.

त्यात कायद्याने भर घातली आहे. जुन्या दंड संहितेच्या ३०४-अ कलमाखाली निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास कमाल शिक्षा दोन वर्षांची होती आणि ती सर्वांना सारखी होती. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ ने ती पाच वर्षे केली. सवलत फक्त नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाला दिली, त्याची कमाल शिक्षा दोन वर्षेच राहिली. हा व्यावसायिक कोण, तेही त्याच कलमात सांगितले आहे: राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कायद्याने मान्य केलेली पदवी असलेला आणि वैद्यक नोंदवहीत नाव असलेला. परिचारिका परिषदेच्या नोंदवहीतील प्रसाविका या व्याख्येत बसत नाही. एकाच खोलीत, एकाच खाटेपाशी उभ्या असलेल्या दोघांपैकी कमी पगाराच्या बाईवर अडीचपट शिक्षेची टांगती तलवार! वर्गभेदाचा याहून स्वच्छ पुरावा कोणता हवा?

शासनाला अशी ढाल उभारता येत नाही असे नाही. २००५ साली रमाकांत राय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कान उपटल्यावर केंद्र सरकारने नसबंदी शस्त्रक्रियांसाठी विमा योजना आणली. २०१३ पासून ती क्षतिपूर्ती योजना म्हणून राज्यांमार्फत चालू लागली. शस्त्रक्रियेनंतर मृत्यू, गुंतागुंत अथवा अपयश आल्यास कुटुंबाला ठरावीक रक्कम, आणि डॉक्टर वा संस्थेवर दावा झाल्यास दर दाव्यामागे दोन लाख रुपयांपर्यंत संरक्षण, वर्षाला चार दाव्यांपर्यंत, अशी तिची रचना झाली. म्हणजे जन्म थांबवणाऱ्या हाताला सरकारी ढाल आहे आणि जन्म घडवणाऱ्या हाताला नाही. लोकसंख्येचे लक्ष्य गाठायचे असते तेव्हा तिजोरी उघडते. बाळंतिणीचा जीव वाचवायचा असतो तेव्हा मात्र तिजोरीची किल्ली सापडत नाही.

मग विमा बाजाराकडे जावे काय? विम्याचे अर्थशास्त्र साधे आहे. जोखीम जितक्या अधिक माथ्यांवर वाटली जाईल, तितका हप्ता हलका होतो. स्वतंत्र प्रसाविका संख्येने थोड्या असतात, उत्पन्नाने लहान असतात, आणि प्रसूतीतील एकच दावा अवाढव्य असू शकतो. नफ्यावर चालणारी कंपनी अशा गिऱ्हाईकाला एक तर दारात उभे करीत नाही, नाही तर पेलणार नाही असा हप्ता सांगते. ऑस्ट्रेलियात २००१ च्या सुमारास नेमके हेच घडले, खासगी विम्याने स्वतंत्र प्रसाविकांकडे पाठ फिरवली. अखेर २०१० साली केंद्र सरकारला कायदा करून मोठ्या दाव्यांचा बहुतांश भार स्वतःच्या शिरावर घ्यावा लागला. घरच्या प्रसूती मात्र तेव्हा त्यातून वगळल्या गेल्या. ब्रिटनने २०१४ साली क्षतिपूर्तीची व्यवस्था नोंदणीसाठी सक्तीची केली. पण परवडणारा विमा उपलब्ध न करता केलेली सक्ती म्हणजे व्यवसायबंदीच होय, हे तेथील स्वतंत्र प्रसाविकांना भोगावे लागले. न्यूझीलंडने याहून शहाणा मार्ग धरला. तेथे १९७४ पासून अपघाताची भरपाई सार्वजनिक निधीतून मिळते, आणि २००५ च्या सुधारणेनंतर उपचारातील इजेसाठी कोणाची चूक सिद्ध करण्याची अटही उरली नाही.

भारतात १९७२ च्या कायद्याने सामान्य विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले आणि शंभरावर कंपन्यांच्या जागी चार सार्वजनिक कंपन्या आल्या. जेथे बाजार पोहोचत नाही तेथे विमा पोहोचवावा, हीच त्या निर्णयाची नैतिक बैठक होती. २०२१ च्या दुरुस्तीने या कंपन्यांत सरकारचे किमान ५१ टक्के भांडवल असण्याची अट काढून टाकली. ज्या हत्याराने हा प्रश्न सोडवायचा, तेच राज्यकर्ते मोडीत काढू पाहत आहेत.

विमा मिळाला की परिचारिका बेफिकीर होतील, असा आक्षेप घेतला जातो. विमा घेतलेले डॉक्टर बेफिकीर झाले, असे हे आक्षेपक म्हणत नाहीत. बेपर्वाई गरिबाच्याच अंगी असते, असे त्यांनी गृहीत धरलेले दिसते. वस्तुतः भीतीने सेवा सुधारत नाही. घाबरलेली परिचारिका हाताळता येण्याजोगी बाळंतीणही पुढे धाडते आणि जोखीम उपकेंद्रातून रस्त्यावर जाते. दुसरा आक्षेप गंभीर आहे: मग दगावलेल्या बाईच्या कुटुंबाला न्याय कोण देणार? पण कफल्लक परिचारिकेविरुद्ध मिळालेला हुकूमनामा त्या कुटुंबाच्या काय कामाचा? क्षतिपूर्ती हे प्रसाविकेइतकेच बाळंतिणीचेही संरक्षण आहे. पैसा निधीतून येईल तेव्हाच तो त्या अनाथ बाळापर्यंत पोहोचेल.

केंद्र सरकारने २०१८ च्या डिसेंबरात प्रसाविकांच्या नेतृत्वाखालील प्रसूतिसेवेची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. २०२३ साली परिचर्या व प्रसाविका आयोगाचा कायदाही झाला. त्याच २०१८ साली कर्नाटकातील सूलगित्ती नरसम्मा यांना पद्मश्री मिळाली. सन्मान झाला, तत्त्वेही छापून झाली. आता जबाबदारी हवी. मागण्या स्पष्ट आहेत. कायम असो वा कंत्राटी, प्रत्येक परिचारिकेला कर्तव्य बजावताना उद्भवलेल्या दाव्याबद्दल राज्याची लेखी हमी आणि वकिलाचा खर्च मिळावा. स्वतंत्र प्रसाविकांसाठी सार्वजनिक विमा कंपन्यांनी सर्व परिचारिकांना एकत्र धरून सामूहिक पॉलिसी काढावी आणि हप्त्याचा वाटा सरकारने उचलावा. प्रसूतीत मृत्यू वा अपंगत्व आल्यास दोष सिद्ध होण्याची वाट न पाहता भरपाई देणारा निधी उभारावा. आणि कलम १०६ मधील सवलत नोंदणीकृत परिचारिका व प्रसाविकांनाही लागू व्हावी.

या मागण्या मुंबईच्या मंत्रालयात आपोआप पोहोचणार नाहीत. पक्षाच्या कार्यकर्त्यांनी दुधनीपासून आरंभ करावा, उपकेंद्रातल्या नर्सबाईला आणि तिच्या हातून जन्मलेल्या मुलांच्या आयांना एकाच सभेत बसवावे. त्या दोघींना एकमेकींविरुद्ध कोर्टात उभे करण्यातच व्यवस्थेचे हित आहे. त्यांना एका मोर्चात उभे करणे हे समाजवाद्यांचे काम आहे.